‘बाबा नुसतेच दुकानात होते’, मग लिहायचं काय?

पत्र थोडक्यात असं: सांगलीच्या एका ३८ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचे वडील मागच्या वर्षी गेले. १९७८ ते २०१९ अशी ४१ वर्षं ते कापड पेठेतल्या एकाच साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. दोन महिन्यांनी वर्षश्राद्ध आहे. तेव्हा घरचे एक छोटी पुस्तिका काढणार आहेत आणि पेपरात ‘प्रथम पुण्यस्मरण’ची जाहिरात देणार आहेत. मुख्य लेख हिने लिहायचाय आणि हिला काही सुचत नाहीये. पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाला ‘सेल्समन’ शब्द नकोय, ‘सुप्रसिद्ध कापड व्यावसायिक’ आणि ‘कुटुंबवत्सल’ असं छापायचंय. हिचं म्हणणं पहिलं खोटं आहे, आणि दुसरं खरं असेलही पण एकाही दिवाळीला बाबा दिवसा घरी नव्हते, आणि २००५ च्या पुरात घरात पाणी शिरत असताना ते मालकाच्या साड्या माळ्यावर चढवत होते. वर मालकांनी पुस्तिकेला पैसे द्यायची तयारी दाखवलीय, भाऊ म्हणतो घेऊ, हिला ते पटत नाहीये. आई काहीच बोलत नाही.

‘मला तू म्हणा’ असं पत्रातच लिहिलंयस म्हणून तू म्हणते हं.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वेळी तुझ्या बाजूने होते, दुसऱ्या वेळी थोडी तुझ्या भावाच्या, आणि तिसऱ्या वेळी एका वाक्यापाशी अडकले. तू लिहितेस, ‘बाबा दुकानात जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे, ह्यात लिहिण्यासारखं काय आहे’. आणि मग पुढच्याच पानावर सहज लिहून जातेस की मिरजेला दवाखान्यात आलेली अथणी-जमखंडीकडची माणसं सांगलीला खरेदीला यायची, ती दुकानात शिरली की मालक गल्ल्यावरूनच ओरडायचे, अण्णा इकडे या, आणि बाबा ‘बर्री अक्का, कुंद्री’ म्हणत पुढे यायचे. अगं मग हे काय आहे? ज्यांच्या घरचं माणूस दवाखान्यात पडलंय, ज्यांना इथलं मराठी धड कळत नाही, त्यांना पेठेत कुणीतरी आपल्या भाषेत ‘या, बसा’ म्हणतंय. कन्नड बाबांना शाळेत कुणी शिकवलेलं नसणार. ते कुठून आलं, कुणाकडून ऐकून ऐकून शिकले, आकडे आधी शिकले की रंगांची नावं आधी, हे तुला माहितीय का? नसेल तर तुझ्या लेखातला पहिला प्रश्न हाच.

माझ्या लग्नाचा बस्ता १९८४ साली कराडला बांधला. आम्ही बायका बायकाच वीस-बावीस, आणि वडील एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले. गादीवरचा सेल्समन पन्नाशीचा असेल, साड्यांवर साड्या उलगडत होता, मधेच स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून उभा राहून दाखवत होता. माझ्या मावशीने एक सातशेची उचलली, आता हीच म्हणाली. मी खुश. तेव्हा त्या माणसाने एक क्षण माझ्या वडिलांकडे बघून घेतलं आणि मला म्हणाला, ‘ताई घ्या की, पण हा रंग तुम्हाला उठत नाही बघा’, आणि ती साडी घडी घालून हळूच पाठीमागच्या ढिगात सरकवली आणि चारशेवाली पुढे केली. दुकानाचे तीनशे गेले की त्यात! त्या वयात मला काही कळलं नाही, उलट रंगाबद्दल बोलला म्हणून राग आला होता. वडिलांच्या तोंडावर तेव्हा काय होतं ते मला आज चाळीस वर्षांनी दिसतं. तुझ्या बाबांनी ४१ वर्षांत असे किती बाप बघितले असतील, प्रत्येक लग्नसराईत दिवसाला दोन धरले तरी.

तर ‘लिहिण्यासारखं काही नाही’ हे आधी सोडून दे. काउंटरवरचं काम बाहेरून दिसतच नाही, म्हणजे चांगलं केलं तर दिसत नाही. पन्नास साड्या उलगडून गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणून उठून गेलं की त्या पन्नास घड्या पुन्हा तशाच मूळच्या मोडीवर घालायच्या, काठाला काठ लावून, तोंडातून शब्द न काढता. इरकल, नारायणपेठ, महेश्वरी, येवल्याची पैठणी, गुळेदगुड्डचे खण, हातात घेतल्या घेतल्या ओळखायचं. संक्रांतीला काळी चंद्रकळा, पाडव्याला गुढीचा खण, गौरींना साड्या, मधेच तीन वर्षांनी अधिक महिना आला की जावयाचं आहेराचं कापड, म्हणजे आपलं पंचांग आपल्या घरात भिंतीवर लटकतं आणि ह्या माणसांचं कपाटात रचलेलं असतं. तुझे बाबा १९७८ ला लागले म्हणतेस. म्हणजे १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा ते दुकानात चार वर्षांचे जुने होते. मिलचं कापड आणि शेजारच्या इचलकरंजीच्या मागाचं कापड ह्यातला फरक गिऱ्हाइकाला कोण सांगत होतं? काउंटरवरचा माणूस. पुढे रेडिमेड आलं, मुली साडीवरून ड्रेसवर गेल्या, ८ नोव्हेंबर २०१६ ला ऐन लग्नसराईच्या तोंडावर हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या, १ जुलै २०१७ पासून जीएसटीची बिलं सुरू झाली. वयाच्या साठीला त्यांनी कार्डाचं मशीन शिकलं असेल ना? कुणी शिकवलं? हे त्यांच्याबरोबर गादीवर बसणारा एखादा अजून पेठेत असेल त्याला जाऊन विचार. दुपारी जा, दुकान निवांत असतं तेव्हा. आणि ‘बाबांबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारू नकोस प्लीज, तसं विचारलं की सगळे ‘लई चांगला माणूस, देवमाणूस’ एवढंच म्हणतात आणि चहा मागवतात. ‘बाबा घडी कशी घालायचे, दाखवा’ म्हण. ‘चिडले की काय करायचे’ विचार. ‘कुठलं गिऱ्हाईक त्यांनाच लागायचं’ विचार. मोबाइलवर रेकॉर्ड कर, त्यांना विचारून.

आता कुटुंबवत्सल. इथे मी जरा जपून बोलते कारण तुझी जखम ओली आहे ते कळतंय.

दिवाळीला बाबा घरी नव्हते ही तक्रार खरी आहे आणि ती खोडायला मी बसलेली नाही. १९४८ च्या दुकानांच्या कायद्यात कागदावर दिवसाला ९ तास होते, पण दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पेठेत तो कागद कुणी बघत नाही हे सांगलीच्या पोरीला मी काय सांगू. दुसऱ्यांच्या घरी सण असला की ह्यांचं काम. तू लिहिलंयस की लक्ष्मीपूजनाला दुकानातली पूजा आटपून ते रात्री अकराला यायचे, हातात बोनसचं पाकीट आणि तुकड्यांची पिशवी, आणि तुम्हा दोघांचे कपडे एकाच ताग्यातल्या उरलेल्या कापडाचे, दादाचा शर्ट आणि तुझा फ्रॉक एकाच डिझाइनचा, आणि त्याची तुला शाळेत लाज वाटायची. हे वाचताना मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. मुलगी म्हणून तू जे मोजलंस ते घरातले तास मोजलेस. बरोबरच आहे, मुलांना तासच कळतात. पण आता तू स्वतः नोकरी करतेस, तुझी मुलगी तुझे तास मोजत असेल, तर बाबांना दुसरं एखादं माप लावून बघता येतं का एवढंच म्हणते. लागलंच पाहिजे असं नाही. लावून बघून ‘नाही ताई, तरी राग आहेच’ असं आलं तर तो राग लेखात लिही. चांगला लिही.

आणि पुराचं. २००५ ला तू १८ ची होतीस, गावभागात घर, आई आणि तुम्ही दोघं भांडी-गाद्या वर चढवत होतात आणि बाबा रात्री कमरेएवढ्या पाण्यातून आले, तोपर्यंत सगळं संपलं होतं. तू लिहितेस ‘त्यांनी मालक निवडला’. मला हे वाक्य एवढं सरळ वाटत नाही. तुझ्याच पत्रात आहे की त्याच वर्षी बारावीनंतर तुझी अ‍ॅडमिशन झाली. फी कुठून आली? अशा दुकानांमधे पगार हा नुसता पगार नसतो, उचल असते. पोरांची फी, घराचं पत्र्याचं काम, आजारपण, सगळं मालकाकडून उचल आणि मग महिन्याला कापून घेणं. मी असं झालंच असं म्हणत नाहीये, मला काय माहीत. पण ज्या माणसाच्या डोक्यावर उचल आहे त्याला मालकाचा माल पाण्यात जाताना बघणं आणि घरी निघून येणं एवढं सोपं नसतं, कारण माल गेला की दुकान गेलं, दुकान गेलं की पुढच्या महिन्याचं घर गेलं. कदाचित नुसती सवय असेल, कदाचित निष्ठा, कदाचित मालकाला नाही म्हणायची भीती. तिन्ही मिळून असेल. आईला विचारलंयस का कधी? ‘त्या दिवशी बाबा का नाही आले’ असं नाही, तो प्रश्न वीस वर्षं घरात फिरतोय, त्याला ती उत्तर देणार नाही. ‘माझी पहिल्या वर्षाची फी कशी भरली गं’ एवढंच विचार. स्वयंपाक करताना विचार, समोर बसवून नको.

आई बोलत नाही म्हणून तिला काही म्हणायचं नाही असं धरू नकोस. २०१९ चा पूर तर २००५ पेक्षा मोठा, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. त्यानंतर बाबा पंधरा दिवस चिखलातल्या साड्या धूत होते आणि मग त्यांनी दुकान सोडलं असं तू दोन ओळीत उरकलंयस. ६३ वर्षांचा माणूस ४१ वर्षांनी एका महिन्यात दुकान सोडतो. का? हे फक्त आईला माहीत असणार.

आता तुझा दादा. त्याच्यावर तू फार चिडलीयेस आणि मला त्याची थोडी कणव येते. ‘सेल्समन’ शब्द त्याला नको आहे तो बाबांची लाज वाटते म्हणून, असं तू गृहीत धरलंयस. असेलही. पण त्याने सासरी, ऑफिसात, मुलांच्या शाळेत वर्षानुवर्षं ‘वडील काय करतात’ ह्याचं उत्तर दिलंय आणि त्या उत्तरानंतर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते बघितलंय. तो मेलेल्या वडिलांना बढती देतोय. चुकीच्या पद्धतीने देतोय, कबूल. कारण सांगलीत जे येतील त्यातल्या निम्म्यांनी बाबांच्या हातून साडी घेतलीय, ते ‘सुप्रसिद्ध व्यावसायिक’ वाचून गालात हसतील, आणि ते हसणं दादालाच लागेल. हे त्याला भांडून सांगू नकोस. त्याला पुस्तिकेतलं एक पान दे, त्याचं त्याचं, तू हात लावायचा नाही. शर्ट-फ्रॉकच्या ताग्याबद्दल त्याला काय आठवतं ते लिही म्हणावं. माझा अंदाज, तो तुझ्यापेक्षा बरं लिहील.

जाहिरातीपुरतं सांगायचं तर नाव, तारखा, आणि खाली ‘कापड पेठेत ४१ वर्षं साड्यांच्या गादीवर’. बास. ह्यात खोटं काही नाही आणि दादाला जो शब्द टोचतो तोही नाही. ‘कुटुंबवत्सल’, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ हे तिन्ही शब्द काढून टाका. सगळ्यांच्याच वडिलांच्या फोटोखाली तेच असतात, ते वाचून कुणाचेच वडील आठवत नाहीत.

मालकांचे पैसे. हा मुद्दा तू शेवटी घातलायस पण माझ्या मते आधी हा निस्तरायला हवा, आणि ह्यात भावना थोडा वेळ बाजूला ठेव. तू लिहितेस दुकानात १४ माणसं कामाला होती, बाबांचा शेवटचा पगार १४ हजार, आणि निघताना शाल, नारळ आणि एक पाकीट मिळालं, त्यात ११ हजार. बाकी काही नाही. तर ऐक. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. बाबांनी २०१९ ला दुकान सोडलं तेव्हा तिचा १९७२ चा कायदा चालू होता, १० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला तो लागायचा, सलग ५ वर्षं भरली की हक्क व्हायचा, आणि हिशोब असा की शेवटच्या महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले जितकी वर्षं. १४ हजार नि ४१ वर्षं धरली तर साधारण ३ लाख ३१ हजार होतात. माणूस गेला म्हणून हा हक्क मरत नाही, वारसांना मागता येतो. अर्जाला मुदत असते आणि तुमची उलटून गेलीय, पण नुसता उशीर झाला म्हणून मालकाची देण्याची जबाबदारी संपत नाही, योग्य कारण असेल तर उशीर माफही होतो. सहाय्यक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात किंवा कामगार कायद्याच्या वकिलाकडे एकदा जाऊन नीट विचारून या. पगार हातात रोख मिळायचा की कागदावर, हजेरीपत्रकात नाव होतं का, ह्यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून जुने कागद, बँकेचं पासबुक, दुकानाचं कार्ड, दिवाळीचे फोटो, जे सापडेल ते एका पिशवीत घाल. हे करायचं की नाही हे आईने ठरवावं, पैसे तिचे आहेत. ती म्हणेल जाऊ दे, बाबांना आवडलं नसतं, तर तेही ठीक, पण किती जाऊ देतोय तो आकडा तिला माहीत असून तिने जाऊ द्यावं.

आणि म्हणूनच पुस्तिकेला मालकांचे पैसे नकोत. राग आहे म्हणून नाही गं. ज्याच्याकडून घेणं असू शकतं त्याच्याकडून देणगी घेतली की मग घेणं मागताना जीभ अडखळते. मालकांना वाईट वाटू न देता सांगता येतं, ‘शेठ, खर्च आम्ही भावंडांनी करायचं ठरवलंय, तुम्ही एक पान लिहून द्या’. लिहून द्यायलाही त्यांना ‘गुणगौरव’ नको सांगूस, विचार की १९७८ ला बाबांना कामावर कुणी ठेवून घेतलं, पहिला पगार किती होता. मालकांच्या वडिलांनी ठेवलं असेल तर ती गोष्ट त्यांनाही सांगावीशी वाटेल. माणूस एकाच वेळी ग्रॅच्युइटी बुडवणारा आणि बाबांच्या आठवणीने खरंच डोळे पुसणारा असू शकतो, पेठेत असे मी बरेच पाहिलेत. तुझ्या लेखात त्याला खलनायकही करू नकोस आणि देवही.

लेख कसा लिहायचा हे तू विचारलंयस ते शेवटी, कारण वरचं सगळं केलंस तर अर्धा लेख झालाच. बाबांचा एकच दिवस लिही. लग्नसराईतला, सकाळी उठल्यापासून. आंघोळ किती वाजता, डब्यात काय, सायकल की चालत, दुकानात गेल्यावर आधी झाडलोट की आधी अगरबत्ती, पहिली भवानी झाल्यावर पैसे कपाळाला लावायचे का, दुपारी कुठे आडवे व्हायचे, रात्री घरी आल्यावर आधी काय करायचे. तू लिहिलंयस रात्री गुडघ्यांना तेल लावत रेडिओ ऐकायचे. ते तेल कसलं होतं? त्याचा वास? गादीवर आयुष्यभर मांडी घालून, गुडघ्यावर उठबस करून ह्या लोकांचे गुडघे आधी जातात. ते तेल आलं की ‘कष्टाळू’ हा शब्द लिहावाच लागत नाही. जिथे आठवत नाही तिथे ‘हे मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही’ असं सरळ लिही, ते चालतं. पुराचा दिवसही घाल, तुझ्या बाजूने जसा झाला तसा, आणि आईने जे सांगितलं ते तिच्या शब्दात शेजारी ठेव. दोन्ही जुळत नसतील तर जुळवू नकोस. छापायला देण्याआधी आईला एकदा वाचून दाखव, तिने एखादी ओळ काढ म्हटलं तर वाद न घालता काढ, तिचा नवरा होता. दीड हजार शब्दांच्या वर जाऊ नकोस, जेवणाच्या पंगती बसायच्या आधी लोक वाचतात, एका बैठकीत संपलं पाहिजे.

ज्यांचे वडील किराणा दुकानात, भांड्यांच्या दुकानात, मेडिकलच्या काउंटरवर, चपलांच्या दुकानात होते त्या सगळ्यांची मला अधूनमधून अशीच पत्रं येतात, त्यांनीही आपापल्या वडिलांचा असाच एक दिवस लिहून बघावा. आणि वडील अजून असतील तर आजच जाऊन विचारा, तुम्ही नशीबवान.

फोटो गादीवरचाच घ्या हं, लग्नातला सूटमधला नको. खांद्यावर पदर टाकून उभे असलेला एक फोटो आहे म्हणतेस आणि दादा म्हणतो तो बायकी दिसतो. तोच घ्या.

आणि शेवटचं म्हणजे ती मीटरची लोखंडी पट्टी. दुकान सोडताना बाबा घेऊन आले होते, वजनमापे खात्याचे जुने शिक्के पुसट झालेली, आता घर आवरताना दादा भंगारात द्यायची म्हणतोय असं तू ओझरतं लिहिलंयस. ती आजच्या आज तुझ्या घरी घेऊन ये.